६७५ पटींचा दावा

हौशी आकाशनिरीक्षकांसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो तो वर्धनाचा आकडा: कुठे ५२५ पट, कुठे ६७५ पट. शेजारी शनीचे नाहीतर एखाद्या दीर्घिकेचे रंगीत छायाचित्र असते, आणि ते बहुधा अवकाशयानाने किंवा अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणीने घेतलेले असते. आकडा आणि चित्र मिळून घेणाऱ्याला एकच गोष्ट सांगतात, की दुर्बीण हे लांबचे मोठे करून दाखवणारे यंत्र आहे आणि जितके पट जास्त तितकी ती चांगली. हा समज साफ चुकीचा आहे, आणि त्याची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही. अशी दुर्बीण गच्चीवर नेऊन दोन-तीन रात्री झगडल्यावर घरातले मूल किंवा मोठे माणूस दुर्बिणीला दोष देत नाही. इथल्या आकाशात पाहण्यासारखे काही नाही, असे ठरवून ते मोकळे होते. म्हणून या दाव्याचा, आणि त्याला चिकटून आलेल्या आणखी काही समजांचा, सविस्तर प्रतिवाद करणे गरजेचे आहे.

वर्धन काढण्याची रीत सोपी आहे. वस्तुभिंगाच्या किंवा मुख्य आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे आयपीसच्या, नाभीय अंतराने भागायचे. ६० मि.मी. व्यासाच्या आणि ९०० मि.मी. नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ४ मि.मी.ची नेत्रिका लावली की ९०० भागिले ४, म्हणजे २२५ पट. मध्ये तीन पटींचे बार्लो भिंग बसवले की ६७५. नाभीय अंतर ७०० मि.मी. असेल तर याच हिशेबाने ५२५ येतात. म्हणजे खोक्यावरचा आकडा दुर्बिणीचा नसतोच. पेटीत टाकलेल्या सर्वांत तोकड्या नेत्रिकेचा आणि बार्लोचा तो गुणाकार असतो. २ मि.मी.ची नेत्रिका टाकली असती तर त्याच नळीवर १३५० छापता आले असते. विक्रेत्यांच्या बाजूने असे सांगितले जाते की आकडा खोटा नाही, गणित तपासून पाहा. गणित बरोबर आहे. पण त्या गणितात दुर्बिणीचा व्यास कुठेच येत नाही, आणि काय दिसणार हे व्यासावरच ठरते.

दुर्बिणीची कामे दोन. एक, डोळ्याच्या बाहुलीत मावत नाही एवढा प्रकाश गोळा करणे. दुसरे, एकमेकांना चिकटून दिसणारे बारीक तपशील सुटे करणे. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मि.मी. उघडते, वय वाढते तशी ती कमी उघडते. ६० मि.मी.चे भिंग अशा डोळ्याच्या सुमारे ७३ पट प्रकाश गोळा करते, १५० मि.मी.चा आरसा सुमारे ४६० पट, २०० मि.मी.चा ८०० पटींहून अधिक. व्यास अडीचपट केला की प्रकाश सव्वासहा पट होतो, कारण प्रकाश क्षेत्रफळावर अवलंबून असतो. तपशिलांचेही तसेच. एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश निरीक्षक डॉज यांनी दिलेला नियम अजून वापरला जातो: ११६ ला मि.मी.मधील व्यासाने भागले की जवळजवळचे दोन तारे किती विकला अंतरापर्यंत सुटे दिसतील ते कळते. (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग.) ६० मि.मी.ला ही मर्यादा जवळजवळ २ विकला आहे, १५० मि.मी.ला पाऊण विकलेच्या आसपास. प्रकाशाच्या तरंगस्वरूपातून आलेली ही मर्यादा आहे. कितीही उत्तम काच घेतली आणि कोणतीही नेत्रिका लावली तरी ती ओलांडता येत नाही.

मग वर्धन कशासाठी असते? दुर्बिणीने जो तपशील आधीच सुटा केला आहे, तो डोळ्याला जाणवेल एवढा मोठा करण्यासाठी. हे काम व्यासाच्या प्रत्येक मि.मी.मागे दीड ते दोन पटींत पुरे होते. ६० मि.मी.ची दुर्बीण १२० पटींपर्यंत देण्यासारखे सगळे देऊन मोकळी होते. त्यापुढे चित्र मोठे होते, पण त्यात नवे काही येत नाही. धूसरपणाच तेवढा मोठा दिसतो. शिवाय गोळा झालेला प्रकाश तेवढाच असतो आणि तो अधिकाधिक जागेवर पसरत जातो. १२० वरून ६७५ पटींवर गेले की गुरूच्या बिंबाचा उजळपणा सुमारे ३२ पटींनी घटतो. एका भाकरीपुरते लोणी बत्तीस भाकऱ्यांवर फासण्यासारखा हा प्रकार आहे. नेत्रिकेतून बाहेर पडून डोळ्यात शिरणारी प्रकाशाची शलाका त्या वेळी मिलिमीटरच्या अकराव्या भागाएवढी बारीक होते, आणि एवढ्या बारीक शलाकेत स्वतःच्या डोळ्यातल्याच तरंगणाऱ्या कणांच्या सावल्या ग्रहावरून फिरताना दिसू लागतात.

या पट्टीवर इतिहास तपासून पाहावा. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे २० पट वर्धनाच्या दुर्बिणीतून. हायगेन्सने १६५५ मध्ये शनीचा टायटन हा उपग्रह शोधला तेव्हा वर्धन सुमारे ५० पट होते. विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधील बाथ गावी, घरामागच्या बागेतून युरेनस शोधला. पेशाने तो तेव्हा संगीतकार होता आणि दुर्बीण त्याने स्वतः घासलेल्या ६.२ इंची आरशाची होती. त्या रात्री लावलेल्या नेत्रिकेचे वर्धन होते २२७. म्हणजे मि.मी.मागे दीडपटही नाही.

जास्त वर्धनाचे समर्थक हर्शेलचेच नाव पुढे करू शकतात, कारण त्याने काही ताऱ्यांवर सहा हजारांहून अधिक वर्धन वापरल्याचे सांगितले होते आणि त्याच्या समकालीनांनाही ते पटले नव्हते. पण ते प्रयोग तेजस्वी ताऱ्यांवरचे होते, आरसा असामान्य होता आणि पाहणारा डोळा हर्शेलचा होता. त्याच हर्शेलने आकाशाची पद्धतशीर झडती घेताना बेताचे वर्धन वापरले. नवा ग्रह हाती लागला तो त्या झडतीत.

"पण लोकांना मोठे पाहायचे असते," हा यावरचा नेहमीचा जबाब. त्याचेही उत्तर आकड्यांतच आहे. गुरू पृथ्वीच्या जवळ असताना त्याचे बिंब सुमारे ४५ विकलांचे दिसते. ते ४० पट केले की अर्धा अंश होते, आणि आकाशातला पूर्ण चंद्र नुसत्या डोळ्यांना एवढाच दिसतो. १५० पटींना गुरू चंद्राच्या जवळजवळ चौपट रुंद दिसतो. शनीची कडी २५-३० पटींनाच ओळखू येतात. (२०२५ मध्ये ती पृथ्वीवरून पाहता अगदी कडेवर आली होती, दर सुमारे १५ वर्षांनी असे होते, आणि तेव्हा ती कोणत्याही घरगुती दुर्बिणीतून नीट दिसत नाहीत.) पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही बिंबे लहान वाटतात, कारण मोठ्या काळ्या वर्तुळात ती एकटी असतात आणि डोळ्याला पाहण्याचा सराव नसतो. हा सराव हीच या छंदातली खरी कमाई आहे. पंधरा मिनिटे एकाग्रपणे पाहिल्यावर गुरूवर आधी दोन पट्टे दिसतात, मग त्यांच्या कडांचे उंचसखल आकार, मग एखाद्या उपग्रहाची टाचणीच्या टोकाएवढी सावली.

वर्धनाला वरची मर्यादा घालणारी आणखी एक गोष्ट दुर्बिणीबाहेर आहे. वातावरणातले उष्ण-थंड थर सतत हलत असतात आणि त्यांतून येणारे बिंब थरथरते. मैदानी आणि पठारी प्रदेशात बहुतेक रात्री ही थरथर एक ते दोन विकलांची किंवा त्याहून जास्त असते. त्यामुळे मोठ्या दुर्बिणीलाही २५० ते ३०० पटींच्या वरचे वर्धन मोजक्याच रात्री मानवते. शहरात यात भर पडते ती सिमेंटच्या स्लॅबची. दिवसभर तापलेली गच्ची संध्याकाळी सात-आठ वाजता उष्णता ओकत असते. शेजारच्या इमारतीच्या एसीची यंत्रे गरम हवा सोडत असतात. त्यावरून पाहिलेला ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा दिसला, तर दुर्बिणीला नावे ठेवण्यापूर्वी रात्री अकरापर्यंत थांबावे. दुर्बीणही पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवावी, म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येतो.

दुसरा समज पालकांमध्ये अधिक आढळतो: मुलाला आधी स्वस्तातली घेऊन देऊ, आवड टिकली तर पुढे चांगली घेऊ. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, परिणाम मात्र उलटा होतो. त्या स्वस्त संचात काय असते ते पाहावे. पातळ ॲल्युमिनिअमच्या नळ्यांची तिपाई, जी हात लावताच थरथरते आणि काही सेकंद थरथरत राहते. प्लास्टिकच्या भिंगाची शोधक दुर्बीण, जिच्यातून उजळ ताराही धड दिसत नाही. काही संचांतील नेत्रिका ०.९६५ इंच जाडीच्या जुन्या मापाच्या असतात, त्यामुळे प्रचलित १.२५ इंची चांगली नेत्रिका विकत आणून बसवताही येत नाही. त्यावर ६७५ पट वर्धन लावले तर दिसणारे क्षेत्र इतके लहान होते की पृथ्वीच्या परिवलनामुळे ग्रह सुमारे १४ सेकंदांत या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकून नाहीसा होतो. तिपाई स्थिर होईपर्यंत त्यातले निम्मे सेकंद संपलेले असतात. अनुभवी निरीक्षकालाही अशा यंत्रातून शनी पकडायला घाम फुटतो, आणि ते दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन त्याच्या आवडीची परीक्षा घेतली जाते. यात मुलावर अन्याय आहे. जे साधन पारखायला हवे होते त्याऐवजी मूल पारखले जाते आणि नापास ठरवले जाते.

थोड्याच पैशांत सुरुवात करायची असेल, तर ते पैसे बायनॉक्युलरमध्ये घालावेत. १०×५० मापाचे साधे बायनॉक्युलर कृत्तिकांचा पुंजका अशा रीतीने दाखवते की बहुतेक दुर्बिणी त्याची बरोबरी करत नाहीत, कारण त्यांच्या अरुंद क्षेत्रात तो मावतच नाही. भिंतीला टेकवून धरले तर गुरूचे चंद्र दिसतात; चंद्रावरची मोठी विवरे दिसतात; वृश्चिक आणि धनु राशींमधून आकाशगंगेच्या पट्ट्यावरून फिरवले तर एकामागून एक तारकागुच्छ येतात. इंग्लंडमधील शाळामास्तर जॉर्ज ऑल्कॉक यांनी हजारो ताऱ्यांच्या जागा पाठ केल्या होत्या आणि बायनॉक्युलरने त्यांनी अनेक धूमकेतू आणि नवतारे शोधले. १९८३ मधला त्यांचा धूमकेतू तर त्यांनी घरात बसून खिडकीच्या काचेतून टिपला. शनीची कडी मात्र बायनॉक्युलरमधून दिसत नाहीत, आणि तिथे त्याची मर्यादा मान्य करावी लागते. "आधी बायनॉक्युलर, दोन वर्षांनी दुर्बीण" असा सरसकट दिला जाणारा सल्लाही म्हणूनच अर्धाच बरोबर आहे. ज्याचे मन ग्रहांवर आणि चंद्रावर आहे त्याला दोन वर्षे थांबवण्याचे कारण नाही.

तिसरा समज असा, की शहरात दुर्बीण घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. मुंबई, पुणे, नागपूर यांच्या आकाशात आकाशगंगा दिसत नाही हे खरे आहे आणि ते दुःखदायक आहे. पण दिव्यांच्या उजेडाने काय झाकले जाते आणि काय नाही, हा फरक समजून घ्यायला हवा. उजेडाने आकाशाची पार्श्वभूमी उजळते. त्यात बुडतात त्या पसरट आणि फिकट वस्तू: दीर्घिका, तेजोमेघ, धूमकेतूची शेपटी. चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, कारण ते पार्श्वभूमीच्या मानाने कितीतरी तेजस्वी असतात. मुंबईच्या गच्चीवरून दिसणारा शनी आणि सह्याद्रीच्या पठारावरून दिसणारा शनी यांत फरक पडलाच तर हवेच्या स्थिरतेमुळे पडतो, दिव्यांमुळे नाही.

जोडताऱ्यांची उपेक्षा तर अगदी अकारण होते. सप्तर्षींमध्ये वसिष्ठ आणि अरुंधती ही जोडी नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची परंपरा लग्नविधीपर्यंत पोहोचलेली आहे; त्यांच्यातील अंतर सुमारे १२ कला, म्हणजे अंशाचा पाचवा भाग. लहानशा दुर्बिणीतून ५०-६० पटींना पाहिले तर स्वतः वसिष्ठच दोन ताऱ्यांचा असल्याचे दिसते. त्या दोघांत सुमारे १४ विकलांचे अंतर आहे आणि अरुंधती त्याच क्षेत्रात बाजूला उभी असते. हे दृश्य भर शहरातून दिसते. हंस तारकासमूहातील अल्बिरिओ हा सोनेरी आणि निळसर ताऱ्यांचा जोड, पुनर्वसूतल्या दोन ठळक ताऱ्यांपैकी कॅस्टरची पाच-सहा विकलांवर उभी असलेली जोडी, मृगातील तेजोमेघाच्या गाभ्यातले चार ताऱ्यांची चौकट असे कितीतरी लक्ष्यबिंदू शहरी निरीक्षकाला वर्षभर पुरतात.

भूगोलही महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या निरीक्षकाच्या बाजूने आहे, आणि पाश्चात्त्य मार्गदर्शक पुस्तके वाचून खरेदी करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. ग्रह ज्या क्रांतिवृत्ताच्या आसपास फिरतात त्याचा सर्वांत दक्षिणेकडचा भागही पुण्याच्या अक्षांशावरून मध्यान्हरेषेवर ४८ अंश उंच येतो. लंडनमधून तोच भाग जेमतेम १५ अंशांवर, दाट आणि हलत्या हवेत असतो. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत भव्य गोलाकार तारकागुच्छ लंडनमध्ये उगवतच नाही. पुण्यातून तो सुमारे २४ अंश वर चढतो आणि मे महिन्यातल्या रात्री दक्षिणेला मोकळे क्षितिज असेल तर १५० मि.मी.च्या दुर्बिणीत त्याचे कण कण सुटे होतात.

दीर्घिका आणि तेजोमेघ यांच्यासाठी अंधारात जावेच लागते. मुंबईचे हौशी निरीक्षक कित्येक वर्षे मध्य रेल्वेवरच्या वांगणीला जात आले आहेत. खगोल मंडळाने तिथे घेतलेल्या रात्रभराच्या कार्यक्रमांतून अनेकांना आकाशाची ओळख झाली. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. अंधाऱ्या जागी गेल्यावरही खोक्यावरच्या चित्रासारखे काही दिसणार नाही, हे घेणाऱ्याला आधीच सांगायला हवे. मंद प्रकाशात डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. देवयानीतली दीर्घिका राखाडी धुक्याच्या लांबट पुंजक्यासारखी दिसते. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला तो पुंजका पुरतो. तसे ठाऊक करून देणे हे दुर्बीण विकणाऱ्याचेही काम आहे.

चौथा समज बैठकीविषयीचा. विषुववृत्तीय बैठक असलेली दुर्बीण "शास्त्रीय" आणि साधी वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारी बैठक म्हणजे खेळणे, असे मानले जाते. विषुववृत्तीय बैठकीचा एक आस ध्रुवाकडे रोखलेला असतो, त्यामुळे एकच आस फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येतो. छायाचित्रणाला ती हवीच. पण फक्त नेत्रिकेतून पाहणाऱ्या नवख्याला ती अडथळा ठरते. मुंबई-पुण्याहून ध्रुव अवघा १८-१९ अंश उंचीवर असतो आणि गच्चीवरून बहुतेक वेळा समोरच्या इमारतीआड गेलेला असतो. आस इतका खाली कलवला की काही हलक्या बैठकींचे प्रतिभार तिपाईच्या पायाला अडतात. नळी भलत्याच दिशेला वळते आणि नेत्रिका पोटाखाली येते. स्वस्त संचातली डुगडुगती विषुववृत्तीय बैठक ही दोन्हीकडून तोट्याची आहे.

या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या शतकापूर्वी एका संन्याशाने देऊन ठेवले आहे. जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) हे १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत दाखल झाले आणि तेवीस वर्षे मठात राहिले. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि प्लायवूडच्या चौकटीत ती नळी अशी बसवली की बोटाने ढकलली की हलते आणि सोडली की तिथेच थांबते. दुर्बिणींच्या नादात मठाबाहेर फार वेळ जातो म्हणून त्यांना १९६७ मध्ये मठ सोडावा लागला. १९६८ पासून ते आणि त्यांचे सोबती फुटपाथवर दुर्बिणी मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र आणि शनी दाखवू लागले. आपल्या रचनेचे एकस्व त्यांनी घेतले नाही. आज जगभर जिला डॉब्सोनियन म्हणतात ती बैठक हीच. तिच्यात मोटार नाही, दातेरी चक्रे नाहीत, तिपाई नाही. म्हणून दिलेले जवळजवळ सगळे पैसे आरशात जातात. नवख्याने विचार करावा तो १५० मि.मी. व्यासाच्या आणि १२०० मि.मी. नाभीय अंतराच्या डॉब्सोनियनचा. जागा आणि ताकद असेल तर २०० मि.मी.चा.

तारे स्वतः शोधणाऱ्या संगणकीय बैठकीबद्दल थोडी वेगळी भूमिका घ्यावी लागते. शहरात ओळखीचे तारेच कमी दिसतात, तेव्हा अशी बैठक खरोखर मदत करते, आणि गुडघे किंवा मान साथ देत नसलेल्यांना तर ती वरदानच आहे. आक्षेप आहे तो त्याच किमतीत १५० मि.मी.ऐवजी ७० मि.मी.चे भिंग गळ्यात मारण्याला. यंत्र एखाद्या दीर्घिकेकडे अचूक रोखले जाते आणि व्यास अपुरा असल्याने तिथे काहीच दिसत नाही. अलीकडे मिळू लागलेल्या ५० मि.मी. भिंगाच्या स्मार्ट दुर्बिणी मुळात कॅमेरे आहेत. त्या अनेक मिनिटांचा प्रकाश साठवून मोबाईलच्या पडद्यावर शहरातूनही तेजोमेघ दाखवतात. ते काम त्या उत्तम करतात. डोळा नेत्रिकेला लावून पाहण्याची जागा त्या घेत नाहीत, आणि तसा दावा करून त्या विकल्या जाऊ नयेत.

व्यासाची बाजू घेताना त्याचाही अतिरेक होतो. अनुभवी मंडळींत मोठ्या आरशाची हाव वाढत जाते आणि नवख्याला २५०-३०० मि.मी.ची दुर्बीण घ्यायला सांगितले जाते. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने ती गच्चीवर किती वेळा नेली, हा प्रश्न सहा महिन्यांनी विचारावा. जी दुर्बीण एकट्या माणसाला दोन फेऱ्यांत वर नेता येते, ती आठवड्यातून तीनदा वर जाते. बंगालमध्ये जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांच्याकडे तीन इंची दुर्बीण होती. तिच्यातून त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या तेजस्वितेची हजारो निरीक्षणे नोंदवून अमेरिकेतील निरीक्षक-संघटनेला पाठवली. ती निरीक्षणे इतकी मोलाची ठरली की त्या संघटनेने सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे समुद्रापार पाठवली.

आता जोडसामग्री. १२०० मि.मी.च्या दुर्बिणीला २५ आणि १० मि.मी.च्या दोन नेत्रिका पुरतात. वर्धन ४८ आणि १२० पट. दोन पटींचे चांगले बार्लो घेतले की ९६ आणि २४० मिळतात, आणि स्थिर हवेच्या रात्रीही त्यापलीकडे जाण्याची गरज १५० मि.मी.ला क्वचितच पडते. ३२ मि.मी.ची तिसरी नेत्रिका पुढे कधीतरी घ्यावी, तारकागुच्छांसाठी. संचात फुकट आलेली ४ मि.मी.ची नेत्रिका बाजूला ठेवून द्यावी. शोधक म्हणून आकाशावर लाल ठिपका दाखवणारे साधे यंत्र प्लास्टिकच्या शोधक दुर्बिणीपेक्षा कितीतरी बरे. आरशांच्या दुर्बिणीत दोन्ही आरसे एका रेषेत आणावे लागतात, म्हणजेच कोलिमेशन करावे लागते; मधोमध छिद्र पाडलेले नेत्रिकेचे झाकणही त्यासाठी चालते आणि हे दहा मिनिटांत शिकता येते. अनेक "वाईट" दुर्बिणी प्रत्यक्षात न जुळवलेल्या दुर्बिणी असतात. आरसा घेताना आणखी एक पाहावे. १५० मि.मी. व्यासाला नाभीय अंतर १२०० असेल तर गोलीय आरसाही जवळजवळ निर्दोष प्रतिमा देतो. तेच ७५० असेल तर आरसा अन्वस्तीय असलाच पाहिजे. आखूड नळीत गोलीय आरसा आणि नेत्रिकेच्या नळीत लपवलेले सुधारक भिंग अशी जी स्वस्त रचना विकली जाते, ती टाळावी.

एका वस्तूबाबत मात्र तडजोड नाही. काही संचांत नेत्रिकेवर बसवायचा काळ्या काचेचा सूर्यगाळक येतो. मुख्य भिंगाने एकवटलेली सूर्याची उष्णता त्या छोट्या काचेवर पडते, काच तडकते आणि क्षणात डोळा कायमचा जातो. असा गाळक मिळाला तर तो हातोडीने फोडून टाकावा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती लागणार नाही. सूर्य पाहायचा तर नळीच्या तोंडावर, पूर्ण व्यास झाकणारा, खास सूर्यासाठी बनवलेला गाळकच हवा, आणि शोधक दुर्बीण झाकलेली किंवा काढलेली हवी. नाहीतर प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी.

दुर्बीण विकतच घ्यावी लागते, हाही एक समजच. एकाच मापाच्या दोन काचांमध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून वरची काच पुढे-मागे घासत, मधूनमधून फिरवत राहिले की वरची अंतर्वक्र होत जाते आणि खालची बहिर्वक्र. दोन पृष्ठभाग सर्व दिशांनी फिरताना सर्वत्र एकमेकांना टेकलेले राहायचे तर ते गोलाचेच भाग असावे लागतात, म्हणून अचूक गोलीय आकार जवळजवळ आपोआप येतो. मग क्रमाने बारीक पूड, राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडची झिलई, आणि फूको यांनी एकोणिसाव्या शतकात शोधलेली पात्याची चाचणी, जिच्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढे दोष डोळ्यांनी दिसतात. अमेरिकेत व्हरमाँटमधील स्प्रिंगफील्डच्या कारखान्यांतल्या कामगारांनी रसेल पोर्टर यांच्या मार्गदर्शनाखाली १९२० च्या सुमारास असे आरसे घासले आणि त्यातून तिथली हौशी दुर्बीणनिर्मितीची चळवळ उभी राहिली. पुण्यात आयुका या खगोलसंशोधन संस्थेने विद्यार्थ्यांसाठी आणि हौशी मंडळींसाठी अशा कार्यशाळा घेतल्या आहेत, आणि १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांकडे जाऊन खरेदीपूर्वी वेगवेगळ्या व्यासांच्या दुर्बिणींतून प्रत्यक्ष पाहता येते. एक रात्र अशी पाहणी केली की खोक्यावरचा आकडा वाचण्याची गरजच उरत नाही.

राहिला प्रश्न निगेचा, आणि महाराष्ट्रात तो मुख्यतः पावसाळ्याचा आहे. जून ते सप्टेंबर आकाश मिटलेले असते आणि दुर्बीण कोपऱ्यात पडून राहते. याच चार महिन्यांत भिंगांवर बुरशी धरते. बुरशीचे तंतू काचेवरचा लेप खातात आणि एकदा खोल गेले की निघत नाहीत. नेत्रिका सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्यात. नळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, आत ओल अडकते. सुती कापड पुरे. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या वाऱ्याने आरशावरचा ॲल्युमिनिअमचा मुलामा लवकर काळवंडतो, तेव्हा वापर संपताच दोन्ही तोंडे झाकावीत. आरशावर धूळ दिसली म्हणून कापडाने पुसू नये, कारण धुळीचे कण मुलाम्यावर ओरखडे काढतात आणि थोडी धूळ प्रतिमेला बाधत नाही. फारच मळला तर आरसा सुटा करून ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा, ओल्या कापसाने दाब न देता पुसावा आणि उभा करून वाळवावा. काही वर्षांनी मुलामा उतरलाच तर निर्वात पात्रात नवा चढवून घेता येतो. खालची काच तशीच राहते आणि तिला दिलेला आकार पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.